गाडी तापू द्या

जरा स्वस्थ बसा आणि एक जुनी प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर आणा. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, पॉइंटवालं इग्निशन. सकाळी चोक ओढला की अर्ध्या सेल्फात लागते. इंजिन चांगलं तापलं की मात्र गचके खाते आणि सिग्नलला मान टाकते. अर्ध्या तासाने पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजात नेली तर दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरलेल्या पोरासारखी शहाणी. मिस्त्री प्लग साफ करतो, पॉइंट घासतो, पैसे घेतो.

थंड गाडीला काही विचारू नका. दोष तापल्यावरच दिसतो, म्हणून ती तापून बंद पडल्यानंतरची पहिली दोन-चार मिनिटं हीच तपासणीची वेळ. नेमका तेव्हाच हात चावीकडे जातो. मागे हॉर्न वाजत असतात, आपण बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहतो आणि ती मिनिटं वाया जातात. त्या हाताकडे लक्ष द्या. त्याला थांबू द्या. गाडी ढकलून कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा.

आधी नाक. कच्च्या पेट्रोलचा वास येतोय? मग पेट्रोल कमी नाही, जास्त होतंय. चोक पुरता उघडलेला नसेल, किंवा फ्लोटची सुई नीट बसत नसेल. वास असताना ठिणगी पाडून बघायची नाही. वारा लागू द्या.

वास नसेल तर टाकीचं झाकण फिरवा आणि कान द्या. सुस्कारा टाकत हवा आत गेली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल संपत जातं, त्याच्या जागी हवा येत नाही आणि पंपाची ओढ पुरत नाही. इथे उष्णतेचा संबंधच नसतो, नुसती वेळ जुळून येते. फुकटातली तपासणी, पण ती करणारे थोडे.

आता एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटलचा दांडा हाताने ओढा. बारीक धार उडाली तर पेट्रोल पोचलंय. नाही उडाली तर इंजिनाला चिकटलेल्या पंपाकडे वळा. पेट्रोलचा हलका अंश ३५-४० अंशांनाच उकळू लागतो. पंपाच्या ओढीमुळे नळीतला दाब कमी होतो, तिथे तो आणखी लवकर उकळतो. मग पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढत बसतो. घाटात जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याच कारणाने. फडक्याने गाडी लागली, तर रोग कळला. बरा झाला असं नाही. टाकीकडून येणारी रबरी नळी चिरलेली आहे का, सायलेन्सरच्या पाइपाला टेकलीय का, तेही बघा.

धार आहे, तरी गाडी लागत नाही? मग घाई न करता कॉइलजवळ या. एक जास्तीचा प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनाला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडकडीत हवी. पिवळी, मरगळलेली दिसली, तर संशय कॉइलवर किंवा कंडेन्सरवर. कॉइलमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तापल्यावर तार पसरते, कुठेतरी तुटलेली टोकं दूर जातात. गार झाली की पुन्हा जुळतात. म्हणूनच गॅरेजात ती निर्दोष सुटते.

माझ्या मते पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा, कारण तो सगळ्यात स्वस्त. पण एका वेळी एकच भाग बदला, मग गाडी पुन्हा पूर्ण तापवा आणि बघा. काढलेला कंडेन्सर लगेच फेकून देऊ नका, कारण नव्या डबीतलाही कधीकधी पहिल्याच दिवशी दगा देतो.