डोळा कुणाचा, निवड कुणाची?

वार्धक्य पावलांचा आवाज न करता दारात येते. दिव्याभोवती वलये दिसू लागतात, पांढऱ्या साडीवर पिवळट छटा चढते, ओळखीचा चेहरा जवळ येईपर्यंत परका वाटतो. मग एके दिवशी डॉक्टर सांगतात, मोतीबिंदू आहे. पूर्वी तो 'पिकेपर्यंत' थांबावे लागे. आता तशी वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. मात्र एक नवा प्रश्न पुढे उभा राहतो. डोळ्यात कोणते भिंग बसवायचे? प्रश्न वैद्यकाचा वाटतो; पण त्याच्या पोटात नीतीचा प्रश्न दडलेला आहे, हे मला आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कळले.

आई मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. तरी दुखणे नाजूक असले की आमच्या घरची पावले जुन्या सवयीने अकोल्याकडेच वळतात. तिथल्या डॉक्टरांनी भिंगांचे प्रकार समजावून सांगितले. एककेंद्री भिंगाने एकाच अंतरावरचे स्पष्ट दिसते. बहुतेक लोक दूरचे मागून घेतात आणि वाचण्यापुरता चष्मा वापरतात. बहुकेंद्री भिंग प्रकाश विभागून दूरचे व जवळचे दोन्ही दाखवते, चष्म्याची गरज पुष्कळ कमी करते; पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात, मंद प्रकाशात चित्र थोडे फिकट वाटते. त्याची किंमतही कितीतरी अधिक.

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, पैशाकडे पाहू नकोस. सर्वांत महागडे असेल तेच बसव." मी मान डोलावली. आम्ही दोघे भाऊ फोनवर ठरवत होतो आणि जिच्या डोळ्याविषयी ठरत होते ती आई समोरच्या बाकावर पदर सावरून गप्प बसली होती.

डॉक्टरांनी मात्र तिच्याकडे वळून विचारले, "आजी, दिवसभर तुम्ही काय करता?"

आई जरा गोंधळली. मग म्हणाली, "काय करणार? सकाळी डाळ-तांदूळ निवडते. दुपारी गोधडीला टाके घालते. संध्याकाळी रोझरी झाली की शुभवर्तमानातले पानभर वाचते. मला लहानपणापासून लांबचे दिसत नाही. पण चष्मा काढला की बारीक अक्षरही दिसायचे. तेवढे मला परत मिळाले तर पुरे."

डॉक्टर म्हणाले, असे करता येईल. साधे एककेंद्री भिंगच, पण त्याचा नंबर जवळचे स्पष्ट दिसावे असा निवडायचा; लांबचे पाहण्यासाठी तिचा सवयीचा चष्मा राहील. भावाला हे रुचले नाही. आईसाठी 'साधे' भिंग घेतले याचे त्याला वाईट वाटले. त्याचे प्रेम खोटे नव्हते. दूर राहणाऱ्या मुलाला आईसाठी काही करण्याची संधी क्वचितच मिळते. म्हणून ती मिळताच तो आपले प्रेम रुपयांत मोजू पाहतो. परंतु 'उत्तम' हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. कुणासाठी उत्तम, कोणत्या कामासाठी उत्तम, हे विचारल्यावाचून त्याला अर्थ नाही. रात्री मोटार चालवणाऱ्याचा उत्तम डोळा वेगळा आणि गोधडी शिवणारीचा वेगळा.

शिवाय हे भिंग चपलेसारखे उद्या बदलता येत नाही. ते आयुष्यभरासाठी बसते. काढून दुसरे घालणे शक्य असले तरी त्यात जोखीम असते. म्हणूनच ही निवड ज्याची त्यालाच विचारली पाहिजे.

गावी परतल्यावर शेजारची शेतमजूर बाई आईला पाहायला आली. तिची शस्त्रक्रिया आदल्या वर्षी सरकारी योजनेतून मोफत झाली होती. आमची चर्चा ऐकून ती हसली. "मले कोनं इचारलं, मावशी? जे देल्लं ते बसवलं. पन आता निंदताना तन अन् पीक येगळं दिसते." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, कृतज्ञताच होती. तरीही ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. आम्हाला निवड मिळाली ती आमच्या खिशामुळे काय?

येथे थोडा इतिहास आठवावा. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे घुसले, तरी डोळ्याने ते सोसले, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी पाहिले आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये तशाच पदार्थाचे भिंग प्रथमच मानवी डोळ्यात बसवले. अनेक सहव्यवसायिकांनी त्यांना विरोध केला. आपल्याकडे पुढेही कित्येक वर्षे गरिबाच्या वाट्याला शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगांचा चष्माच येई. तो फुटला की माणूस पुन्हा आंधळाच. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. त्याच्याच ऑरोलॅब या संस्थेने १९९२ पासून भिंगे देशातच बनवून त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली. आमच्या शेजारणीच्या डोळ्यातले भिंग अशा प्रयत्नांचेच फळ होय. ते हलक्या दर्जाचे दान नव्हे. महाग म्हणजे अधिक स्पष्ट असा नियमही नाही.

मात्र वस्तू दिली म्हणजे माणसाचा मान राखला, असे होत नाही. 'तुम्ही दिवसभर काय करता?' या प्रश्नाला एक पैसाही लागत नाही. तो श्रीमंताला विचारायचा आणि गरिबाला नाही, हा भेद कोणत्याही योजनेत लिहिलेला नसतो. तो आपल्या मनात असतो.

कुणी म्हणेल, म्हातारी माणसे 'तुम्ही ठरवाल ते' एवढेच म्हणतात. खरे आहे. त्यांना अर्धवट माहिती देऊन 'तूच ठरव' म्हणणे हीदेखील जबाबदारी टाळणेच होय. त्यांच्या भाषेत समजावून सांगावे, वेळ द्यावा, आणि मग त्यांच्या मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावू नये.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय हाका मारीत होता. तो आंधळा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होते, प्रभू येशूलाही दिसत होते. तरी प्रभूने त्याला जवळ बोलावून आधी त्याची इच्छा विचारली. ठाऊक असताना का विचारावे? मला वाटते, दृष्टी मिळण्यापूर्वी त्या भिकाऱ्याला त्याचा शब्द परत मिळाला. गर्दी त्याला गप्प करीत होती. प्रभूने त्याला बोलते केले.

आईची गोधडी आता पुरी होत आली आहे. परवा भाऊ गावी आला, तेव्हा तिने सुईत दोरा स्वतः ओवला आणि काही न बोलता त्याच्या सदऱ्याचे निघालेले बटण लावून दिले. तो बराच वेळ तिच्या बोटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आई, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आधी तुलाच विचारू."