मधल्या माणसाचा पगार

1966-67 सालचा बिहारमधला दुष्काळ. मिथिला भागात शेतीचं काम बंद पडलेलं. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईहून एक चित्रकार तिकडे पाठवला. नाव भास्कर कुलकर्णी. त्यांच्यासोबत होते कागद. लग्नाकार्याला घराच्या भिंती रंगवणाऱ्या बायकांनी तीच चित्रं कागदावर काढावीत, ती विकली जावीत आणि घरात चार पैसे यावेत, असा सरळ हिशेब होता. त्यातून पुढे सीतादेवी, गंगादेवी, महासुंदरीदेवी ही नावं जगाला कळली आणि मधुबनी हा शब्द दिल्लीच्या दुकानांपासून परदेशातल्या संग्रहालयांपर्यंत पोचला. काही वर्षांनी हेच कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर हिंडू लागले. कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे तिथूनच पुढे आले. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, 2011 साली पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपण नेहमी दोन प्रकारे सांगतो. एक, कुलकर्णी नावाच्या अवलियाची. दोन, अडाणी समजल्या गेलेल्या माणसांच्या उपजत प्रतिभेची. दोन्ही खऱ्या आहेत. पण मला त्यातली तिसरी, जरा रुक्ष बाजू जास्त महत्त्वाची वाटते. कुलकर्णी सरकारी पगारावर होते. विणकर सेवा केंद्र नावाच्या खात्यात त्या काळी चित्रकारांना रीतसर नोकऱ्या होत्या. प्रभाकर बरवे, अंबादास यांच्यासारखे पुढे मोठे झालेले चित्रकारही तिथे होते. म्हणजे खेड्यात जायचं, कारागिराशेजारी बसायचं, त्याचं काम समजून घ्यायचं, पुन्हा पुन्हा जायचं, यासाठी सरकार महिन्याच्या महिन्याला पैसे मोजत होतं. कागद आणि रंग यांचा खर्च किरकोळच असणार. खरा खर्च माणसाच्या वेळेचा होता, आणि तो कलाकाराच्या डोक्यावर पडला नाही.

दूरच्या गावातल्या कलाकाराला मदत करायची म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? महोत्सव, पुरस्कार, मानधन. महोत्सव चार दिवसांत उरकतो. पद्म पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते, हे बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. मानधन उतारवयात. राज्याच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलाकारांच्या योजनेत पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा श्रेणी होत्या. 2024 मध्ये त्या मोडून सगळ्यांना महिना 5000 रुपये केले, हे चांगलंच झालं. पण त्या योजनेचं दार साधारण पन्नाशीनंतर उघडतं. विशीतल्या पोराने चित्रकथीसारखी कला शिकायला सुरुवात केली, तर पन्नाशीपर्यंतची तीस वर्षं त्याने कशावर काढायची? ती तीस वर्षं सावरणाऱ्या माणसाच्या पगारासाठी कुठल्याच अंदाजपत्रकात रकाना नाही.

ऑस्ट्रेलियात तो रकाना आहे, आणि कसा तयार झाला हे बघण्यासारखं आहे.

ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे 240 किलोमीटरवर पापुन्या नावाची वसाहत आहे. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या आदिवासी जमातींना सरकारने वाळवंटातून आणून तिथे एकत्र बसवलं होतं. 1971 साली जेफ्री बार्डन नावाचा तरुण कलाशिक्षक तिथल्या शाळेत आला. शाळेच्या भिंतीवर आपली चित्रं काढा, असं त्याने सुचवलं आणि जाणत्या पुरुषांनी मध साठवणाऱ्या मुंगीच्या पुराणकथेचं मोठं भित्तिचित्र काढलं. मग फळ्यांचे तुकडे, टाकाऊ लाकूड, हाती लागेल त्यावर चित्रं सुरू झाली. वर्षभरात, 1972 मध्ये, त्यांची कंपनी उभी राहिली, पापुन्या तुला आर्टिस्ट्स. मालक खुद्द चित्रकार. बार्डन लवकरच तिथून गेला आणि शाळेवरचं ते भित्तिचित्र काही वर्षांत रंगाखाली पुसलं गेलं. कंपनी मात्र टिकली.

सुरुवातीची वर्षं हलाखीची होती. चित्रांना गिऱ्हाईकच नव्हतं. 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कला परिषदेत आदिवासी कला मंडळ स्थापन झालं. त्या मंडळाने मोठी चित्रं विकत घेतली आणि परदेशातल्या प्रदर्शनांत पाठवली. बाजार तयार होईपर्यंत सरकारच पहिलं गिऱ्हाईक झालं. अनुदान देण्यापेक्षा हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कारण अनुदान घेणारा लाभार्थी ठरतो, आणि चित्र विकणारा चित्रकारच राहतो.

आज मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात अशी कित्येक कलाकेंद्रं आहेत. रोजचं काम अगदी साधं. केंद्रातला माणूस सकाळी कापडाचे तुकडे कापतो, चौकटीवर ताणतो, त्यावर अस्तराचा रंग चढवतो. कुणाला कोणत्या मापाचं कापड, कोणते रंग, याची नोंद ठेवतो. चित्र पूर्ण झालं की मागे क्रमांक टाकतो, चित्रासोबत चित्रकाराचा फोटो काढतो, चित्रातली गोष्ट विचारून लिहून घेतो. तो क्रमांक, ती गोष्ट आणि तो फोटो एका दाखल्यावर येतो आणि विकत घेणाऱ्याला मिळतो. दूरच्या वस्त्यांवर जायचं तर गाडीत कापडाच्या गुंडाळ्या, रंगाचे डबे, पाणी आणि किराणा. विक्रीतला निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून मोठा वाटा चित्रकाराचा, उरलेल्यात सामान आणि केंद्राचा खर्च. तेवढ्यात भागत नाही. म्हणून केंद्र सरकारचं अनुदान येतं, आणि ते मुख्यतः व्यवस्थापकाचे आणि मदतनिसांचे पगार, भाडं, वीज, वाहतूक यांवर खर्च होतं. दिसायला अगदी कंटाळवाणी कलमं. उद्घाटनाला फीत कापायलासुद्धा काही नाही. गाडं मात्र त्यांच्यावरच चालतं.

यात आपल्याला परकं वाटावं असं काहीच नाही. गावच्या दूध संस्थेत सचिव असतो, तो सकाळ-संध्याकाळ दूध मोजतो, फॅट काढतो, पावती देतो. शेतकऱ्याने स्वतः किटली घेऊन दादरला जावं, असं कुणी म्हणत नाही. चित्रकाराने मात्र चित्र काढावं, ते शहरात न्यावं, दर ठरवावा, बिल करावं, जीएसटीची भानगड समजून घ्यावी आणि रात्रीच्या पॅसेंजरने परत यावं, अशी आपली अपेक्षा असते.

आणि अर्ज भरावा, ही आणखी एक. एखादा पंचविशीतला वारली चित्रकार कुठल्याशा योजनेचा अर्ज भरायला बसला की काय होतं, ते मी पाहिलं आहे. मोबाइलवर पीडीएफ उघडलेलं. आधार, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. मग येतात ‘कार्यक्रमांची कात्रणे’. पाड्यावर लग्नाचा चौक लिहिला याचं कात्रण कुठून आणायचं? पुढची अट, संस्था नोंदणीकृत हवी आणि तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल जोडायचा. तो हसला आणि म्हणाला, “काका, तीन वर्षांचं ऑडिट असतं तर मी इथं कशाला आलो असतो?” बऱ्याच योजनांत रकमेचा पाऊण हिस्सा आधी आणि उरलेला पाव हिस्सा उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर मिळतो. शहरातल्या नाट्यसंस्थेकडे त्यासाठी सीए असतो. पाड्यावर सीए नसतो, आणि म्हणून तो पाव हिस्सा कितीदा तरी लटकत राहतो. अर्ज मराठीत असला तरी त्यातली भाषा कचेरीचीच.

पैसा आला म्हणजे सगळं साधलं, असंही नाही. वारली लग्नातला देवीचा चौक सवाशिणींनी लिहायचा, ही रीत. कागद आले, बाजार आला, आणि पुढे नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. घराबाहेर, मुंबईला, परदेशात जायचं म्हटल्यावर कोण जाणार हे आधीच ठरलेलं होतं. पापुन्यातही पहिली दहा-बारा वर्षं कुंचला पुरुषांच्याच हातात होता. तिथे दुसराही पेच पडला. जे फक्त दीक्षा घेतलेल्यांनी पाहायचं, ते बाजारात टांगलं जातंय म्हणून आजूबाजूच्या जमाती खवळल्या, आणि चित्रकारांनी पवित्र खुणा झाकायला, गाळायला सुरुवात केली. आज आपण कौतुकाने ज्या ठिपक्यांकडे बघतो, त्यांतले काही आडोशासाठी आले आहेत. असले पेच दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या समितीला सुटणारे नाहीत. तिथे राहणाऱ्या, रोज उठून त्याच माणसांची तोंडं पाहणाऱ्या माणसालाच ते आधी दिसतात.

आता बाजाराचा हिशेब. क्लिफर्ड पॉसम या चित्रकाराचं ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र 1977 साली एका बँकेने 1200 डॉलरला घेतलं आणि काही काळ आपल्या प्रशिक्षण केंद्रात लावलं. 2007 मध्ये तेच चित्र 24 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला गेलं. पॉसम 2002 मध्येच वारला होता. जॉनी वरंगकुलाचं 1972 मधलं चित्र 1997 च्या लिलावात दोन लाख डॉलरच्या पुढे गेलं, तेव्हा तो हयात होता, गरिबीत होता, आणि त्यातला छदामही त्याला मिळाला नाही. यावर तिथे बरीच ओरड झाली आणि 2009 मध्ये कायदा झाला: चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत हजार डॉलर किंवा जास्त असली, की पाच टक्के चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना.

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण असं कलम आपल्याकडे त्यांच्या आधीपासून आहे. कॉपीराइट कायद्यातलं 53 अ, 1994 च्या दुरुस्तीने आलेलं. मूळ चित्र, शिल्प, हस्तलिखित दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर निर्मात्याला दहा टक्क्यांपर्यंत वाटा. कायदा उत्तम आहे. फक्त वसुली करणारा कुणी नाही. ऑस्ट्रेलियात विक्रीची नोंद ठेवणारी, पैसे गोळा करून चित्रकाराच्या खात्यात टाकणारी संस्था नेमली गेली. आपण कलम लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. वारली चित्रकलेला 2014 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचंही तेच. चहाच्या कपापासून चादरीपर्यंत वारली चित्रांतली माणसं नाचताना दिसतात. एकेका छापखान्याच्या मागे नोटीस घेऊन कोण फिरणार? डहाणूच्या चित्रकाराला तेवढा वेळ नाही, आणि त्याच्या वतीने फिरणारा पगारी माणूस नाही.

इथे झाडीपट्टीचा माणूस मला थांबवेल, आमची रंगभूमी सरकारी पगाराशिवाय चालते, म्हणेल. बरोबरच आहे. वडसा हे गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचं गाव. दिवाळीच्या सुमाराला तिथे नाटक मंडळांच्या कचेऱ्या उघडतात. बाहेर फलक, आत भिंतीवर तारखा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावोगावची तरुण मंडळं येतात, नाटक ठरवतात, बयाणा देतात. मंडईची जत्रा असते, बैलांचा शंकरपट असतो, पाहुणे आलेले असतात, आणि रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. लोक तिकीट काढून बसतात. हा सगळा डोलारा लोकांनीच तोलला आहे. तिथल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, पण रंगभूमी त्यांच्या आधीपासून प्रेक्षकाच्या पैशावर उभी आहे. नारायणगावात यात्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या राहुट्यांतून सुपाऱ्या ठरतात, तोही असाच बाजार.

म्हणजे मधला माणूस तिथेही आहेच: मंडळाचा मालक, फडाचा मालक. त्याच्याशिवाय पान हलत नाही. त्याच्या पदरी कर्ज असतं, पावसाने खेळ बुडाला की तोही बुडतो, त्यामुळे त्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. पण हंगाम संपला की नट मजुरीला जातो. रात्रीच्या प्रवासात गाडी उलटली तर विमा नाही. नवीन पोराला आवाज कसा जपायचा, हे शिकवायला कुणी नाही. बाजार खेळाचे पैसे देतो, तालमीचे देत नाही. सरकारने इथे येऊन नवा महोत्सव भरवू नये, एवढी तरी कृपा करावी. पावसाळ्यातल्या तालमी, विमा आणि हिशेब बघायला एक माणूस, एवढं दिलं तरी पुरे.

कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी काय केलं, ते पाहा. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, हे सगळं एकेकाळी सावंतवाडीच्या राजाश्रयावर चाललेलं. गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. पद्मश्री नंतर आली, 2021 मध्ये. गोठा आधी. तेव्हा तालुक्याला असा एक माणूस पगारावर असता, पोथ्यांची नोंद, पोरांचे वर्ग, येणाऱ्याजाणाऱ्याची व्यवस्था बघणारा, तर एका कुटुंबाला सगळं ओढावं लागलं नसतं.

पैसा नाही, ही सबब आता फारशी चालत नाही. 2013 च्या कंपनी कायद्यात सामाजिक दायित्वाच्या खर्चाची जी यादी आहे, तिच्यात पारंपरिक कला आणि हस्तकला यांचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. नागपूरला दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्र आहे, उदयपूरला पश्चिम विभागाचं. महाराष्ट्र दोन्हींत मोडतो. पण कंपनीला फोटो हवा असतो आणि केंद्राला कार्यक्रम. एखाद्या बी.एफ.ए. झालेल्या मुलीला पाच वर्षं जव्हारला राहायचा पगार द्या, असं म्हटलं की समोरचा विचारतो, “आउटपुट काय?”

एक धोका मात्र खरा आहे. पगारी माणूसच उद्या मालक होऊन बसेल. कोणाला कागद द्यायचा, कोणाला दिल्लीला न्यायचं, हे त्याच्या मर्जीवर गेलं, की पाड्यावर नवा सावकार उभा राहिला म्हणून समजा. ऑस्ट्रेलियातही जुनी गाडी देऊन चित्रं उचलणारे दलाल होतेच. 2007 मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने त्याची चौकशी केली. तोडगा म्हणाल तर एवढाच, की त्याला नेमणारे आणि काढणारे कलाकारच असावेत. पगार सरकारचा, हुकूम कलाकारांचा. आपल्या साखर कारखान्यांकडे बघून कुणी हसेल, पण दुसरी वाट मला दिसत नाही.

हुकूम कलाकारांचा असला की काय होतं, त्याचा दाखला किंटोरला आहे. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सुमारे पाचशे किलोमीटर. तिथल्या माणसांना मूत्रपिंडाचा आजार झाला की डायलिसिससाठी कायमचं शहरात जावं लागे, घरापासून, गोतापासून दूर. 2000 साली पापुन्या तुलाच्या चित्रकारांनी, बायकांनी आणि पुरुषांनी मिळून, काही मोठी चित्रं काढली आणि सिडनीतल्या लिलावात ती विकून दहा लाख डॉलरच्या वर पैसे उभे केले. त्यातून काही वर्षांत किंटोरला डायलिसिसचं यंत्र आलं. कलेच्या कुठल्याही अनुदान योजनेत या खर्चाला लेखाशीर्ष सापडलं नसतं. त्यांना ते शोधावंही लागलं नाही. कंपनी त्यांची होती, चित्रं त्यांची होती, आणि आजारी माणसंही त्यांचीच होती.