सध्या काय करतोस?

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या घरोघर फराळाच्या ताटामागोमाग एक प्रश्न हटकून येतो. चकलीचा पहिला तुकडा मोडेपर्यंत मावशी तो विचारते, मावशी विसरलीच तर झोपाळ्यावरचे काका विचारतात : “मग, सध्या काय करतोस?” ज्याला नोकरी आहे त्याला हा प्रश्न करंजीहून गोड लागतो. ज्याला नाही, तो घशाशी अडकलेला घास पाण्याबरोबर उतरवतो आणि सांगतो, “एम.पी.एस.सी. करतोय.” या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, असा एक अलिखित संकेत अलीकडे पडून गेला आहे. आमच्या नृसिंहवाडीत कोणी सेवेसाठी येऊन राहिला, तर किती दिवस राहणार आणि फळ केव्हा मिळणार असे त्याला कोणी विचारीत नाही. स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुलालाही समाजाने तशीच मोकळीक देऊन टाकली आहे. फरक एवढाच, की सेवेकऱ्याच्या चेहऱ्यावर थोडीफार शांती असते.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. तेव्हा पदवीधरांविषयी बोलण्याचा तुला अधिकार काय, असे कोणी म्हणेल तर ते चूक नाही. परंतु ज्यांना मी पाढे शिकवले ती मुले पुढे एस.टी.ने किंवा सायकलीने जवळच्या कॉलेजात गेली, पदवीधर झाली, आणि त्यांतली पुष्कळशी पुन्हा माझ्याच नजरेसमोर येऊन राहिली. एक बी.कॉम. झालेला मुलगा बापाच्या दुकानात पेढे आणि कवठाची बर्फी तोलतो. एक इचलकरंजीला मागावाल्याकडे हिशेब लिहितो. दोघे पुण्याच्या अभ्यासिकेत आहेत. त्यांतल्या एकाचे हे सहावे वर्ष. एक फौजदार झाला; त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मुली कुठे आहेत ते मात्र चटकन सांगता येत नाही. त्यांची नावे बदलली.

काकांचा हा प्रश्न आता सरकारही विचारू लागले आहे. कॉलेजांची प्रत जोखण्यासाठी १९९४ साली ‘नॅक’ ही संस्था निघाली. ती येण्याचा सुमार झाला की छोट्या छोट्या कॉलेजांतून जुन्या विद्यार्थ्यांना दूरध्वनी जाऊ लागतात : नोकरी लागली का, पुढे शिकतोस का, एखादे पत्र मिळेल का? पुढे २०१५ साली शिक्षणसंस्थांचा देशभराचा क्रम लावायची पद्धत ठरली आणि २०१६ पासून याद्या निघू लागल्या. तिच्या पाच कसोट्यांपैकी एक आहे पदवीनंतरच्या फलिताची. त्या कसोटीत मुलांच्या मध्यम पगाराचाही विचार होतो. ही मध्यम पगाराची कल्पना वास्तविक मोठी सरळ आहे. नोकरी लागलेल्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभे करायचे आणि बरोबर मधल्याचा पगार लिहायचा. एखादा मुलगा परदेशी जाऊन लाखांनी मिळवू लागला, म्हणून साऱ्या वर्गाला त्याच्या कोटाची ऊब घेता येत नाही. सरासरीहून हा हिशेब पुष्कळ बरा. परंतु जो रांगेत उभाच नाही, त्याचे काय? त्याला मागे टाकूनच रांग सुरू होते. त्याच्यासाठी पुष्कळ तक्त्यांत शेवटी एक अरुंद रकाना असतो, ‘इतर’.

या प्रश्नावर दोन उत्तरे तयार असतात आणि दोन्ही मला फार सोपी वाटतात. पहिले उत्तर सुसंस्कृत मंडळी देतात : शिक्षण पोटासाठी नाही, मनासाठी आहे, पगारावरून विद्येची किंमत काय करता? ऐकायला हे फार उदात्त वाटते. परंतु असे बोलणाऱ्याच्या घरी बहुधा दोन पिढ्या पेन्शन येत असते. कोल्हापूरच्या मातीत तरी हे बोलणे शोभत नाही. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी जो हुकूम काढला, त्याने संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. हे सर्वांना पाठ आहे. त्या हुकमामागचा विचार मात्र थोडे लोक वाचतात. उच्च शिक्षणाला उत्तेजन देऊनही मागासलेल्या वर्गांत त्याचा प्रसार का होत नाही, याचा शोध महाराजांनी घेतला आणि त्यांना कारण असे दिसले, की त्या शिक्षणाचे फळ मूठभरांच्याच हाती पडते. ज्याच्या आळीतला एकही शिकलेला माणूस कचेरीत बसलेला दिसत नाही, त्याने पोराला शाळेत का घालावे? पुढे १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले ते याच राजाच्या हातून. पण त्याआधी पंधरा वर्षे त्याने शिक्षण आणि भाकरी यांची गाठ मारून ठेवली होती. म्हणून ‘शिकून काय मिळणार?’ असे विचारणाऱ्या शेतकऱ्याला जो क्षुद्र समजतो, त्याला कोल्हापूरचा इतिहास ठाऊक नाही असे मी म्हणेन.

दुसरे उत्तर त्याच शेतकऱ्याच्या तोंडी असते : नोकरी नाही, म्हणजे तीन वर्षे पाण्यात गेली. हे उत्तर मला अधिक जवळचे वाटते. पण तेही पुरते खरे नाही. मोजायचे ते केव्हा मोजायचे, हा यातला पहिला पेच. यशवंतराव चव्हाण १९३८ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी.ए. झाले. त्यांचा तक्ता तेव्हा कोणी भरला असता, तर काय लिहिले असते? पहिली काही वर्षे ‘पुढील शिक्षण’. १९४१ साली ‘वकील’. आणि १९४२ साली प्राध्यापकाने दूरध्वनी केला असता तर घरच्यांनी सांगितले असते की ठावठिकाणा नाही, कारण तेव्हा ते भूमिगत होते. १९६० साली हाच तरुण महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला.

अशी उदाहरणे स्नेहसंमेलनात फार टाळ्या घेतात, आणि म्हणूनच मला त्यांची थोडी भीती वाटते. प्रत्येक कॉलेजापाशी असे एखादे नाव असते. ते प्रवेशद्वारापाशी संगमरवरावर कोरलेले असते, आणि त्याच्या सावलीत त्याच वर्गातले बाकीचे पन्नासजण दिसेनासे होतात. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली पहिले चार बी.ए. बाहेर पडले : रानडे, भांडारकर, मोडक, वागळे. चौघांचेही चांगले झाले. पण ते चारच होते, आणि नव्या राज्ययंत्राला शिकलेली माणसे हवी होती. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. आपल्या राज्यात २०२३ साली तलाठ्यांच्या सुमारे ४,६०० जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ साली पोलिसांच्या १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा जो अहवाल २०२४ साली निघाला, त्यात २०२२ सालचे आकडे आहेत : ज्या तरुणांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यांत बेकारी शेकडा ३.४, आणि पदवीधर तरुणांत शेकडा २९.१. याचा अर्थ अडाणी राहणे फायद्याचे, असा कोणी काढू नये. निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडतच नाही. तो मिळेल त्या मजुरीला जातो. पदवीधराच्या घरी निदान त्याला थांबवून धरण्यापुरती भाकर असते, आणि आपल्या पदवीला शोभेल असे काहीतरी येईल ही आशा असते. ती आशा त्याला आपणच लावली आहे.

येथे आपण मूळ प्रश्नापाशी आलो. कॉलेज विद्यार्थ्याचे नक्की काय देणे लागते? नोकरी देणे लागत असेल, तर तालुक्याच्या ठिकाणचे कॉलेज ती आणणार कोठून? त्याच्या चहूबाजूंना ऊस आहे, भाजीपाला आहे, साखर कारखाना आहे, पलीकडे इचलकरंजीचे माग आहेत. यांतल्या कशालाही दरसाल शंभर बी.ए. नको आहेत. तरीही दरसाल शंभर मुलांना प्रवेश दिला जातो. कारण मुले आली नाहीत तर तुकडी तुटते आणि तुकडी तुटली तर जागा जाते. म्हणजे मुलाला कॉलेजाची गरज आहे त्याहून कॉलेजाला मुलाची गरज अधिक आहे. हे कोणी उघड बोलत नाही, इतकेच.

भाऊराव पाटलांची गोष्ट येथे आठवते. ते आमच्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे. स्वतः पदवीधर नव्हते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला शिवाजी कॉलेज उभे केले. तेथे मुले कमवीत आणि शिकत. ‘पुढे काय?’ हा प्रश्न त्या मुलांना पदवीच्या दिवशी अंगावर आला नाही. पहिल्या दिवसापासून हातात कुदळ होती. आणि दुसरी गोष्ट अशी, की संस्था वाढत होती, गावोगाव शाळा निघत होत्या, म्हणून तिथून बाहेर पडलेली पुष्कळ मुले तिच्याच शाळांत शिक्षक होऊन परतली. आता आपण भाऊरावांचे फोटो लावतो, त्यांच्या नावाने ‘कमवा आणि शिका’ योजना चालवतो. पण मुलांना सामावून घेणारी ती वाढ संपली आहे. कॉलेजातल्याच कितीतरी जागा वर्षानुवर्षे भरलेल्या नाहीत. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तेथे शिकवतात. जितके तास, तितके पैसे. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. जुन्या विद्यार्थ्यांना ‘नोकरी लागली का?’ असे विचारण्याचे काम बहुधा यांच्यावरच पडते. एम.ए., नेट, कधीकधी पीएच.डी.सुद्धा झालेला चाळिशीकडे झुकलेला माणूस आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलाला नोकरीविषयी विचारतो, आणि स्वतःला कोणत्या रकान्यात घालावे हे त्याला उमगत नाही. (या तक्त्यात प्राध्यापकांसाठी रकाना नाही, हे एका परीने बरे आहे.)

आणि तो ‘इतर’ रकाना. त्यात मुली सर्वांत जास्त. पेढ्यांच्या दुकानातल्या मुलाला निदान ‘स्वयंरोजगार’ म्हणता येते. त्याच वर्गातली मुलगी, लग्न होऊन मागावाल्याच्या घरी गेलेली, रात्री अकरा वाजता सुताच्या आणि मजुरीच्या वह्या पुऱ्या करते. करांचे कागद तिच्याच हातचे असतात. त्याच कामासाठी बाहेरचा माणूस ठेवला असता तर तो ‘नोकरीत’ धरला गेला असता. हिला पगार नाही, म्हणून ही गृहिणी. आणि गृहिणी म्हणजे कॉलेजच्या फलितात शून्य. २०१९ च्या महापुरात आमचे गाव आणि शिरोळ तालुक्यातली किती तरी गावे पाण्याने वेढली होती. पाणी ओसरल्यावर नुकसानीचे पंचनामे, अर्ज, बँकेची पासबुके यांचा जो गुंता झाला, तो गल्लीगल्लीत कोणी सोडवला असेल तर अशा ‘इतर’ मुलामुलींनी. आजीबाईंचा अंगठा कोठे उठवायचा, कोणत्या खात्याचा क्रमांक लिहायचा, हे त्यांना समजत होते. पदवीचा हा उपयोग मी खरा मानतो. परंतु एवढ्यावर समाधान माना, असे मी त्यांना सांगणार नाही. फुकट केलेल्या कामाची स्तुती ही पुष्कळदा मजुरी बुडवण्याची सभ्य रीत असते. बायकांना हे कोणी सांगायला नको.

मला विचाराल तर नोकरीचे देणे कॉलेजाला फेडता येणार नाही. खरे सांगण्याचे देणे मात्र त्याला फेडता येईल, आणि नेमके तेच थकले आहे. प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तिकेत फौजदार झालेल्या मुलाचे छायाचित्र असते. गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेली सारी मुले आज कोठे आहेत, ‘इतर’सकट, याचे एक पान त्या पुस्तिकेत घालायला काय हरकत आहे? मुले कमी होतील, ही हरकत आहे. मग ती कमी होतील या भीतीने आपण शिक्षणाच्या व्यवहारात ती गोष्ट करतो, जी आमच्या बाजारात कोणी भाजीवाला केली तर त्याला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मिळणार नाही. वर चांगली वांगी, खाली किडकी.

यावर कोणी म्हणेल, खरे सांगितले तर गरिबाचा धीर खचेल, तो मुलीला तर कॉलेजात घालणारच नाही. हा आक्षेप हलका नाही. मुलीचे लग्न तीन वर्षे लांबवणारी एकमेव सबळ सबब कॉलेज हीच असते, हे खेड्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या तीन वर्षांची किंमत कोणत्याही तक्त्यात बसत नाही. तरीही गरीब माणसाला खरे पेलत नाही, हे आपण त्याच्या वतीने का ठरवावे?

मागच्या वर्षी एका छोट्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीशी तासिका तत्त्वावरचे एक प्राध्यापक बसले होते. माझ्या ओळखीचे आहेत. उसाच्या बिलाचे पैसे खिशात घेऊन एक शेतकरी मुलीला घेऊन आला आणि सगळे विचारतात तेच त्याने विचारले, “सर, पुढं हिला काय मिळंल?” प्राध्यापकांनी छायाचित्रांची पुस्तिका बाजूला सारली आणि आधल्या वर्षीची मुले कोठे कोठे आहेत, ते जसे होते तसे सांगितले. त्याला वेळ लागला; मागची रांग कुरकुरू लागली. शेतकऱ्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “आणि तुमाला किती मिळत्यात, सर?”

प्राध्यापकांनी तेही सांगितले.

शेतकरी थोडा वेळ मुलीकडे बघत राहिला. ती खाली मान घालून अर्जावर आपले नाव लिहीत होती. त्याने खिशातून नोटा काढल्या, थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि खिडकीतून आत दिल्या. यंदा त्या प्राध्यापकांना प्रवेशाच्या कामावर नेमले नाही, ग्रंथालयात बसवले. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे.