रुसून गेलेले सभासद

बुद्धिबळाच्या किंवा हौशी नाटकांच्या मंडळांतून रुसून गेलेल्या सभासदांस परत कसें आणावें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक. परंतु आमच्या मतें तो न्यायाचा आहे. चालक बहुधा चहाचें आमंत्रण धाडतात, थकलेली वर्गणी माफ करतात. (चार आण्यांसाठीं कोणी रुसतो, असें त्यांस खरोखरच वाटतें काय?) पण ज्या कारणानें मनुष्य गेला तें जागच्या जागीं ठेवून त्यास ‘या’ म्हणणें म्हणजे आपली तक्रार खोटी होती हें त्याच्याकडून वदवून घेणेंच होय.

मोठ्या संस्थेचा दाखला घेऊं. १९०७ सालीं सुरतेस काँग्रेस फुटली व टिळकपक्ष बाहेर पडला. १९१४ सालीं बेझंटबाईंनीं केलेली मध्यस्थी फसली. पुढें १९१५ च्या मुंबईच्या अधिवेशनांत प्रतिनिधि निवडण्याचा नियमच सैल झाला, तेव्हां १९१६ सालीं लखनौस ती मंडळी मानानें परत आलीं. गोखले व मेहता तत्पूर्वीं निवर्तले होते, हेंही खरें. तरी दार उघडलें तें नियमानें.

मात्र इतकीं वर्षें सतरंज्या अंथरून मंडळ चालविणारांस न विचारतां नियम बदलला, तर उद्यां तेच रुसतील. प्रथम त्यांची सभा भरवावी. गेलेल्यांस पत्र त्यानंतर.