पथ्य कीं प्रायश्चित्त ?

ज्वरानें अंथरुणास खिळलेल्या मनुष्याच्या समाचारास आपण जातों, तेव्हां मनांत करुणा असते. मधुमेह झालेल्याच्या घरीं जातांना मात्र उपदेशाची शिदोरी बरोबर असते. ‘जिभेवर ताबा ठेवला असता तर ही वेळ न येती,’ हें कोणी बोलून दाखविलें नाहीं, तरी मनांत असतेंच. रोग्यासही तें हळूहळू पटूं लागतें आणि त्याचें पथ्य हें प्रायश्चित्त होऊन बसतें. ही समजूत कितपत न्याय्य आहे, आणि न्याय्य नसल्यास पथ्यास आधार कोणता, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकाची दृष्टि याहून उदार होती. सुश्रुतानें प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले; म्हणजे जन्मतःच पदरीं येणारा रोग त्यास ठाऊक होता. आधुनिक शास्त्रही तेंच सांगतें. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन वेगळें काढलें, आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम टोंचलें गेलें तें एका चौदा वर्षांच्या मुलास. त्यानें कोणता अपराध केला होता? पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून गर्भवती स्त्रिया व त्यांचीं अर्भकें यांचा अभ्यास केला. तेथील अर्भकाचें सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकाचें ३.५ किलोग्रॅम भरलें. परंतु इकडचें मूल स्नायूंनीं कृश असलें, तरी त्याचा मेद त्या मानानें घटलेला नव्हता. आणि ही ठेवण पुढें मधुमेहास अनुकूल ठरते. जें गर्भांतच घडलें, त्याचा जाब पन्नाशींत कोणी कोणास विचारावा? आईला तर नाहींच नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘सारें प्रारब्धच, मग श्रीखंडाची वाटी दूर कां सारावी?’ हा युक्तिवादही लंगडा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना आहार व चालणें यांविषयीं नियमित मार्गदर्शन दिल्यास काय होतें, हें पाहणाऱ्या भारतीय प्रयोगाचें फलित २००६ सालीं प्रसिद्ध झालें. तीन वर्षांत रोग जडण्याचें प्रमाण सुमारें २८ टक्क्यांनीं कमी झालें होतें. अमेरिकेंतील २००२ च्या प्रयोगांत ही घट ५८ टक्के होती. तात्पर्य, दोष आणि दायित्व यांची गल्लत करूं नये. वडिलोपार्जित ऋण मुलानें काढलेलें नसतें. तरी तें फेडण्याचें काम त्याच्याकडेच येतें, आणि फेडतांना त्यास मान खालीं घालावी लागत नाहीं.

हा भेद केवळ शाब्दिक नाहीं. प्रायश्चित्त एकदां घेतलें कीं संपतें. पथ्य रोजचें असतें. एकादशीस साबुदाण्याच्या खिचडीवर व रताळ्यांवर राहून देहास शासन केल्याचें समाधान लाभेल; परंतु ते पदार्थ पिष्टमयच, आणि रक्तांतील साखर पुण्य मोजीत नाहीं. गुळास सात्त्विक म्हटल्यानें तोही साखरेहून फारसा वेगळा वागत नाहीं. उलट, भाताची मूद लहान करून उसळ व पालेभाजी वाढविणें. जेवणानंतर पंधरावीस मिनिटें चालणें, कारण चालतांना स्नायु रक्तांतील साखर ओढून घेतात. झोपेच्या व जेवणाच्या वेळा न मोडणें, यांत पराक्रम कांहींच नाहीं, पण गुण आहे. इन्शुलिन घेणाऱ्यानें तर पश्चात्तापाच्या भरांत जेवणच टाळलें, तर साखर एकाएकीं उतरून जिवावर बेतूं शकतें.

परंतु या भावनेचें सर्वांत वाईट फळ म्हणजे लपवालपवी. ज्यास अपराधी ठरविलें तो चोरून खातो आणि वैद्यापुढें खोटें बोलतो. वैद्य त्या खोट्यावर औषधाची मात्रा ठरवितो. याचा दोष एकट्या रोग्याचा नाहीं. ‘एकानें काय होतें?’ म्हणून पंगतींत जिलबी वाढणारे आपणच, आणि दुसऱ्या दिवशीं उपदेश करणारेही आपणच. आग्रह हें आपल्याकडे प्रेमाचें लक्षण मानलें जातें. पण ज्याला नाहीं म्हणणें जड जातें, त्याच्यावर तो एक प्रकारचा बलात्कारच होय. अशा मनुष्याचें पान वेगळें मांडूं नये. घरांतील सर्वांचेंच जेवण थोडें बदलावें. त्याच्या मुलाबाळांच्या अंगींही तोच वारसा असण्याचा संभव असल्यामुळें, त्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं.