चव घेणारा आणि पाणी भरणारा



हॉटेलातून बाहेर पडताना पूर्वी मालक विचारायचा, "जेवण कसे होते?" आता प्रश्न बदलला आहे. आता विचारतात, "अनुभव कसा वाटला?" बिलासोबत एक छोटा कागद येतो किंवा मोबाईलवर पाच चांदण्या उमटतात. आपण बोट टेकवतो आणि गाडीकडे निघतो. जेवण चांगले की वाईट हे भातावरून आणि कालवणावरून ठरत असे. अनुभव मात्र माझ्यावरूनच ठरतो. मी खूश, तर अनुभव चांगला. इथे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. ग्राहक खूश झाला म्हणजे ती गोष्ट चांगली होती, असे म्हणता येईल का?

हा प्रश्न मी आज हुक्क्याच्या निमित्ताने मांडतो आहे. आपल्या धर्मग्रामात आखातात नोकरी करणारी मुले-मुली असलेली घरे प्रत्येक आळीत आहेत. सुट्टीवर आलेली ही मुले भेटली की तिकडच्या गप्पा निघतात. तिकडे हुक्क्याला शिशा म्हणतात. "फादर, तिकडे शिशा म्हणजे आपल्याकडचा चहा," असे एकाने मला समजावून सांगितले. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर चौघे-पाचजण जमतात, बैठक मऊ असते, दिवे मंद असतात, सफरचंद आणि पुदिन्याचा वास असतो, सोबत भाजलेले मटण आणि रोटी. दोन तास बसले तरी कोणी उठा म्हणत नाही. जागा चांगली कशावरून ओळखायची, तर न सांगता निखारे बदलले जातात यावरून. वाईट जागा म्हणजे जिथे पोऱ्याला दोनदा हाक मारावी लागते, धुराला जळका वास येतो आणि बिलात न मागितलेले काहीतरी लावलेले असते. हे सगळे ऐकून मी गप्प राहिलो, तेव्हा त्यानेच पुढे विचारले, "यात वाईट काय, फादर? पैसे माझे, वेळ माझा, आणि मी कोणाला त्रास देत नाही."

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला रागावून उत्तर देता येत नाही, विचार करूनच द्यावे लागते.

कायद्याचे उत्तर सोपे आहे, ते आधी सांगून टाकतो. महाराष्ट्रात २०१८ साली तंबाखूविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि हुक्का पार्लर चालविण्यास बंदी आली. २०२३ साली चेंबूरच्या एका उपाहारगृहाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असेही सांगितले, की खाद्यपदार्थ विकण्याच्या परवान्यात हुक्का आपोआप येत नाही. पण दुबईत किंवा मस्कतमध्ये आपला कायदा चालत नाही. शिवाय कायदा काय म्हणतो आणि योग्य काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरे सोपे उत्तर म्हणजे मौजमजा वाईट. हे उत्तर काही घरांत अजून दिले जाते, पण ते ख्रिस्तसभेचे उत्तर नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विनोद, खेळ आणि विरंगुळा यांना सद्गुणांच्या यादीत जागा दिली आहे. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यातही विरजण घालतो, तो दोषी आहे असे त्यांचे म्हणणे आहे. ते जुन्या मठवासीयांकडून आलेली एक गोष्ट सांगतात. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेला पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांतल्या एकाच्या हातात धनुष्य होते. योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, हे तू दिवसभर करू शकशील का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला सांगितले. बारा-बारा तास राबणाऱ्या आपल्या मुलांना संध्याकाळी चार मित्रांत बसावेसे वाटते यात गैर काहीच नाही. परदेशात एकट्याने खोलीत मोबाईल बघत बसण्यापेक्षा ते किती तरी बरे.

तेव्हा प्रश्न बसण्याचा नाही, हुक्क्याचा आहे. पाण्यातून आल्यामुळे धूर 'धुतला' जातो ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. पाण्याने धूर थंड होतो, स्वच्छ होत नाही. थंड झाल्यामुळेच तो जास्त खोल ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार हुक्क्याच्या एका बैठकीत शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर छातीत जाऊ शकतो. त्यात जळत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड मिसळतो, ज्याला ना रंग ना वास. फळाचा वास येतो म्हणून ते फळ होत नाही. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय असा भेद केला आहे, हिताचे ते एक आणि आवडते ते दुसरे. पाच चांदण्या फक्त प्रेयालाच मिळतात, कारण श्रेय कळायला कधी कधी वीस वर्षे जावी लागतात.

जाता जाता एक गोष्ट. हुक्का आपल्याकडे आखातातून आलेले नवे फॅड आहे असे ज्येष्ठांना वाटते. तंबाखू दख्खनमध्ये पोर्तुगीजांमुळे आली, आणि साधारण १६०४ साली असद बेग नावाच्या सरदाराने ती विजापूरहून अकबर बादशहाच्या दरबारात नेली. बादशहाने कुतूहलाने ओढून पाहिली, तेव्हा हकिमाने विरोध केला. गुडगुडी हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला चांगला ठाऊक होता. आणि ख्रिस्तसभेचे म्हणाल, तर पोप अर्बन आठवे यांनी १६४२ साली सेव्हिल धर्मप्रांतातील चर्चमध्ये तंबाखू घेणाऱ्यांना बहिष्काराची तंबी दिली होती. पुढे १७२५ साली पोप बेनेडिक्ट तेरावे यांनी ही कडक भूमिका सैल केली. अगदी अलीकडे, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली जाहीर केले, की २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये कर्मचाऱ्यांना सिगारेट विकली जाणार नाही. विक्रीतून पैसा मिळत होता, तरी लोकांच्या आरोग्याला अपाय होणाऱ्या गोष्टीत आपला हात नको, असे त्यामागचे कारण देण्यात आले. शरीराची काळजी हा नैतिक विषय आहे हे कॅटेकिझममध्येही (क्र. २२९०) आहे, अन्न, दारू, तंबाखू यांच्या अतिरेकाला संयमाच्या सद्गुणाविरुद्ध मानले आहे.

पण समजा कोणी म्हणाला, "शरीर माझे आहे, बघतो मी." इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली नेमके हेच तत्त्व मांडले, की दुसऱ्याला इजा होत नसेल तोवर प्रौढ माणसाला अडवू नये. आपल्या तरुणांनी मिल वाचलेला नसतो, पण ते बोलतात त्याचीच भाषा. मला या तत्त्वाशी आज भांडायचे नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की 'कोणाला त्रास देत नाही' हे टेबलावर बसून कसे कळते?

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या दोन रेस्टॉरंटना आग लागली. चौदा जीव गेले. वाढदिवस साजरा करायला आलेली मंडळी त्यांत होती. बरेचजण धुराने गुदमरून गेले. अग्निशमन दलाच्या चौकशीत आगीचे संभाव्य कारण म्हणून हुक्क्याच्या उडालेल्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले. त्या रात्री साडेबारापर्यंत तिथल्या कोणालाही अनुभव विचारला असता, तर उत्तर काय आले असते? गाणी छान, जेवण छान, गच्ची छान.

ही मोठी दुर्घटना झाली म्हणून आपल्याला ठाऊक आहे. रोज घडणाऱ्या छोट्या गोष्टीला बातमी नसते. आखातातल्या अशाच एका उपाहारगृहात काम करणाऱ्या आपल्या भागातील एका मुलाने मला त्याचे काम सांगितले. मागच्या बाजूला शेगडीवर कोळसे लाल करायचे, लोखंडी भांड्यात घ्यायचे, चिमट्याने टेबलाटेबलांवर बदलत फिरायचे. नऊ-दहा तास. शेवटी शेवटी डोके जड होते, ते तो उन्हावर ढकलतो. पण मला ठाऊक नसलेली गोष्ट पुढेच होती. हुक्का ग्राहकापुढे ठेवण्याआधी तो 'चालू' करून न्यावा लागतो. म्हणजे नळीला स्वतःची तोटी लावून पहिले झुरके त्यानेच ओढायचे, धूर नीट येऊ लागला की तोटी काढायची आणि मग हुक्का बाहेर न्यायचा. एका संध्याकाळी असे किती, हे त्याने मोजणे सोडून दिले आहे. हा मुलगा स्वतः तंबाखूला शिवत नाही. "माझा शौक नाही, फादर, ती ड्युटी आहे," असे तो म्हणाला.

आता पहिल्या मुलाने सांगितलेली चांगल्या जागेची खूण आठवा. न सांगता निखारे बदलले जातात. त्या पाच चांदण्या या दुसऱ्या मुलाच्या छातीतून गेलेल्या असतात.

यावर एक उत्तर येते, आणि ते धंद्याच्या दृष्टीने पक्के आहे : त्याला पगार मिळतो, त्याने करारावर सही केली आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक लिहिले, तेव्हा कारखानदारांचे म्हणणे हेच होते. पोपमहोदयांनी ते खोडून काढले. दोघांनी मोकळेपणाने करार केला तरी त्या कराराच्या वर नैसर्गिक न्याय आहे, आणि गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीपोटी माणूस कठोर अटी मान्य करतो तेव्हा त्याच्यावर जबरदस्तीच होत असते, असे त्यांनी बजावले. घरावर कर्ज, बहिणीचे लग्न आणि मालकाच्या हाती व्हिसा असताना केलेली सही किती मोकळी असते, हे आपल्या गावात कोणाला समजावून सांगायला नको. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, त्यामागे या परिपत्रकाची आठवण होती असे त्यांनीच सांगितले.

योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नाची गोष्ट (२:१-११) आपण लग्नाच्या मिस्सेला इतक्यांदा ऐकतो, की तिच्यातले एक छोटे वाक्य कानावरून निघून जाते. भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला. तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते, पण ज्यांनी पाणी काढले होते त्या चाकरांना ठाऊक होते. कारभारी हा चव घेणारा माणूस. त्याचा अभिप्राय खरा आहे, रस उत्तमच होता. तो वराला बोलावून कौतुकही करतो, तेही चुकीच्या माणसाचे! सहा दगडी रांजण काठोकाठ भरायचे म्हणजे कित्येक घागरी पाणी ओढावे लागले असेल. ज्यांचे खांदे दुखले त्यांनाच त्या दिवशीचा चमत्कार कळला. चव घेणाऱ्याला चवीपलीकडे काही कळले नाही.

मला वाटते, 'अनुभव कसा वाटला' या प्रश्नाची मर्यादा इथेच आहे. तो फक्त चव घेणाऱ्याला विचारला जातो. एखादी जागा चांगली की वाईट याचे अर्धे उत्तर स्वयंपाकघराच्या दाराआड असते, आणि ग्राहक म्हणून माझी नैतिक जबाबदारी त्या दारापाशी सुरू होते. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांना विचारले होते, की मोठा कोण, जेवायला बसणारा की वाढणारा (लूक २२:२७), आणि स्वतःची जागा वाढणाऱ्यांत सांगितली. याचा सरळ अर्थ असा, की आपण टेबलावर बसलेलो असताना तो निखाऱ्याचे भांडे घेऊन उभा असतो.

निखारे आपल्या देवळातही असतात, हे मी विसरलेलो नाही. सणाच्या मिस्सेला धूपदाणी हलवणारा वेदीसेवक खोकत असतो आणि आपण 'वातावरण किती पवित्र' म्हणतो. सॅक्रिस्टीची खिडकी उघडी ठेवायला मी सांगितले आहे.

मग हॉटेलात जाऊच नये का? जरूर जावे. हुक्क्याबद्दल विचाराल तर माझे मत स्पष्ट आहे, तो मागवू नये. तुमच्या फुप्फुसासाठी तर नाहीच, पण तुम्ही मागवला नाही तर तेवढे झुरके त्या मुलाला कमी ओढावे लागतील म्हणूनही नाही. चौघांची बैठक चहावर आणि कबाबांवरही रंगते. आणि जिथे जाल तिथे वाढणाऱ्याचे नाव विचारा, उशीर झाला तर त्याच्यावर ओरडू नका, तो जेवला की नाही हे बघा.

हे लांबचे झाले. जवळचे असे, की आपल्या हॉलमध्ये लग्नाच्या मोसमात दर आठवड्याला केटररची पंधरा-वीस मुले राबतात. रात्री साडेबाराला, पाहुणे गेल्यावर, पातेल्यांच्या आडोशाला उभ्याने जेवतात. हॉलच्या आरक्षणाच्या अर्जात दोन अटी घालाव्यात असा विचार धर्मग्राम परिषदेत निघाला आहे : हॉलमध्ये आणि अंगणात धूम्रपान नको, आणि वाढप्यांना दहाच्या आत, बसून जेवायला वेळ द्यावा. काहींना दुसरी अट अवघड वाटते, कारण तेव्हाच पंगत भरात असते. त्या अर्ध्या तासात पाहुण्यांना कोण वाढणार, हा प्रश्न खरा आहे. घरच्या मंडळींनी आणि तरुण संघटनेने वाढावे असे एका मावशींनी सुचवले आहे. आपली मते येत्या रविवारपर्यंत लेखी स्वरूपात कार्यालयात आणून द्यावीत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू