चौदा रुपये बारा आणे

काही माणसं सहलीला डबा घेऊन येतात. आमचा मित्र विषय घेऊन येतो. डबा वाटेत संपतो, विषय आपल्याबरोबर घरी परत येतो, एवढाच काय तो फरक. उभा जन्म लेखा खात्यात दुसऱ्यांच्या बिलांवर लाल शेरे मारून हा गृहस्थ निवृत्त झाला. आम्ही त्याला हिशेबनीसच म्हणतो. आश्विनातल्या एका सकाळी दारात उभा राहून म्हणाला, "चल, खुलताबादला जाऊ. कबरी बघू." कोजागिरीच्या सुमाराला सभ्य माणसं मसाला दुधाची आमंत्रणं देतात! पण पाऊस नुकताच सरलेला, दौलताबादच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागलेल्या. निघालो.

खुलताबाद म्हणजे आडव्या मंडळींचं गाव. सुफी संत, सरदार, पहिला निजाम, बादशहा, जो तो आडवा. इतकंच काय, इथला भद्रा मारुतीसुद्धा निजलेला. समुद्र ओलांडणाऱ्यालाही जिथे पाठ टेकावीशी वाटली, तिथल्या हवेतच काहीतरी असलं पाहिजे. वाटेच्या कडेने बिननावाच्या कितीतरी कबरी, त्यांवर पावसाळ्यातलं उंच गवत, आणि त्यात शेळ्या. शेळ्यांना इतिहासाचं ओझं नसतं.

औरंगजेबाची कबर झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात आहे. मराठ्यांचं राज्य बुडवायला दख्खनेत उतरला, पंचवीस वर्षं झिजला, १७०७ साली अहमदनगरला वारला आणि इथे आला तो कायमच्या मुक्कामाला. वर छत नाही. उघडी माती आणि मातीत सब्जाचं रोप. टोप्या शिवून मिळालेल्या १४ रुपये १२ आण्यांत आपलं उरका, असं त्याने सांगून ठेवलं होतं म्हणतात. आणि इथून तासाभराच्या अंतरावर त्याच्याच बेगमेचा, दिलरस बानूचा मकबरा. त्याचा खर्च सांगतात ६,६८,२०३ रुपये ७ आणे.

हिशेबनीस गहिवरला. बादशहामुळे नव्हे, आण्यांमुळे.

"साधेपणा बघ," तो म्हणाला.

"ज्याला खरंच पर्वा नसते तो बारा आणे मोजत नाही," मी म्हणालो.

हे त्याला लागलं, कारण त्याच्या खिशात कागद होता. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्याच्या हृदयात एक स्प्रिंग बसवली. तेव्हापासून तो मुद्देसूद मृत्युपत्र लिहीत होता. देहदान करावे. दहावे, तेरावे करू नये. शोकसभा नको. फोटोला हार नको. एकूण खर्च : शून्य. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती, आणि त्यासाठीच ही सहल! वहिनींनी म्हणे कागद वाचायलाच नकार दिला होता. "या माणसाने मला घरात भाजी कुठली करायची ते कधी ठरवू दिलं नाही. आता मी रडायचं किती तेही हाच ठरवणार?"

मला वहिनींचं पटतं. देहदानाचं कलम ठीक. देह त्याचा, चार पोरं त्यावर डॉक्टरकी शिकतील. पण हाराचं कलम कुणाच्या मालकीचं? माणूस गेल्यावर घरात तो नसतो, उरलेले असतात. आमच्या वडिलांनीही 'माझ्यामागे काही करू नका' असं बजावलं होतं. आईने शब्द पाळला. फक्त दर वर्षी त्या तिथीला ती सकाळपासून स्वयंपाकघरातले डबे घासत बसायची. घासलेलेच पुन्हा.

"आणि हे बघ," मी कबरीभोवतीच्या संगमरवरी जाळीकडे बोट दाखवलं. ती काही बादशहाच्या पैशातली नव्हे. लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली. साक्षात आलमगिराचा हुकूम, तोही दोनशे वर्षंच टिकला. साध्या कबरीला शांतता मिळते म्हणावं तर तेही नाही; मार्च २०२५ मध्ये हिच्याच वादावरून तिकडे नागपुरात दंगल पेटली.

"म्हणजे मेलेल्याला हक्कच नाही?" हिशेबनीस एकदम बोलला. "आजोबांच्या तेराव्याला वडिलांनी सावकाराकडून पैसे काढले. गावजेवण घातलं. ते कर्ज फेडताना मी मॅट्रिक झालो, ठाऊक आहे? माझ्या पोराच्या मानगुटीवर मी नाही बसणार."

यावर काय बोलणार? चाळीस वर्षांच्या मैत्रीत हे मला माहीत नव्हतं. आम्ही गुपचूप मलिक अंबरच्या कबरीकडे चालू लागलो. हबशी गुलाम म्हणून आला, निजामशाही सांभाळली, खडकी वसवली, तिला नहरीने पाणी आणलं आणि १६२६ साली गेला. स्वतःची कबर मात्र हयातीतच बांधून घेतली. ना मुलांवर भार, ना वारसांचे वाद. आगाऊ रक्कम भरून मोकळा! हिशेबनिसाला हा पक्षकार फारच पसंत पडला. तो पायरीवर टेकला, सीताफळ फोडलं, बिया नीट कागदाच्या पुडीत गोळा केल्या. मग खिशातला तो दुसरा कागद काढून बराच वेळ बघत राहिला.

"तिला हार घालू दे," शेवटी म्हणाला, आणि 'नको' खोडून लिहिलं : 'एक. झेंडूचा.'

"रक्कम?" मी विचारलं.

त्याने चष्मा पुसला आणि कंसात लिहिलं, 'बाजारभावाप्रमाणे.'